सेज जाळू की गुग्गुळाचा धूप घालू?

मावसबहिणीनं सांगलीत विश्रामबागेत नवीन फ्लॅट घेतलाय. घरात सारखी चिडचिड होते म्हणे, मग एनर्जी साफ करायला ऑनलाईन सेजची, म्हणजे वाळवलेल्या वासाच्या पानांची, जुडी मागवू की आपला गुग्गुळ-ऊद बरा असं विचारत होती, मी दोन्ही जाळून बघितलंय म्हणून सांगतो.

सेजची एक जुडी मला चारशेला पडली, तेवढ्यात गणपती पेठेतनं आणलेला गुग्गुळ-ऊद बरेच महिने पुरतो.

सेज पेटवायला सोपं, काडी लावली की झालं, पण विझवताना नाटकं, आत धुमसतच राहतं, वाळूत दाबून ठेवावं लागतं. गुग्गुळाला निखारा पाहिजे, आज्जी शेणीवर टाकायची, फ्लॅटमध्ये शेणी कुठली, मग गॅसवर करवंटी पेटवून धुपाटण्यात घ्यायची. वास सेजचा कडवट, पोरगं म्हणालं काय करपलं का!

पांढरी सेज कॅलिफोर्नियाकडची, तिथल्या मूळ लोकांच्या विधीतली, आता जंगलातनं चोरून तोडतात. पण गुग्गुळपण साळसूद नाही बरं का, राजस्थान-गुजरातेतलं ते झाड चीक काढून काढून संपत आलंय.

एनर्जीचं म्हणाल तर मला दोन्हीत काय फरक पडलेला दिसला नाही, धूर तो धूरच. दम्याचं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर दोन्ही नको, खिडक्या उघडा. सणावाराला देवघरात वास दरवळायला पाहिजे तर चिमूटभर गुग्गुळ, आणि एकदा हौसच फेडायची असेल तर शेतात लावलेली सेज बघून घ्या.