लेक आणि लेक, दोघांचा कोच एकच: आमच्या मिसिसॉगातला फुटबॉल क्लब

दोन वर्षं झाली, माझी दोन्ही मुलं कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसॉगातल्या या क्लबात खेळतात. मुलगा चौदाचा, मुलगी अकराची. दोघांचा कोच एकच आहे आणि त्याच्यासाठीच हे लिहायला बसलेय.

मी मूळची कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. पाटाकडील आणि शिवाजी या तिथल्या दोन फुटबॉल टीमची मॅच असली की घरातले सगळे पुरुष शाहू स्टेडियमवर, आणि आम्ही मुली गच्चीतून आरडाओरडा ऐकत. म्हणून लेकीचं नाव घालताना मला एकच धास्ती होती, मुलांना चांगला कोच आणि मुलींच्या वाट्याला उरलासुरला, असं तर नाही ना?

पालकांच्या पहिल्या मीटिंगला एका बाबांनी तोंडावरच विचारलं, मुलींना शिकवणारा मुलांची टीम सांभाळेल का? कोचने उत्तरादाखल जॉन हर्डमनचं नाव घेतलं. हा इंग्लंडचा माणूस, आधी न्यूझीलंडच्या महिला टीमचा कोच. कॅनडाच्या मुली 2011 च्या वर्ल्ड कपमध्ये तिन्ही मॅच हरून आल्या, तेव्हा त्याने ती टीम हातात घेतली. पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये सेमीफायनलला कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरने अमेरिकेविरुद्ध तीन गोल मारले, तरी 4-3 ने हरलो. पण त्यानंतर फ्रान्सला हरवून ब्राँझ आणलं. रिओत 2016 ला पुन्हा ब्राँझ. मग 2018 मध्ये त्याला पुरुषांची टीम दिली, आणि 27 मार्च 2022 ला टोरांटोत जमैकाला 4-0 हरवून कॅनडा 36 वर्षांनी पुरुषांच्या वर्ल्ड कपला गेला. कतारमध्ये तिन्ही मॅच हरले, हेही खरं. पण महिला आणि पुरुष, दोन्ही टीम वर्ल्ड कपला नेणारा पहिला कोच तोच. ते बाबा पुढे काही बोलले नाहीत.

आता आमचा कोच काय करतो ते सांगते. लेक पासची वाट बघत उभी असते, तो तिच्या पाठीमागे जाऊन बोटं वर करतो. बॉल पायाशी यायच्या आत तिने मान वळवून बघायचं आणि किती बोटं ते ओरडून सांगायचं, म्हणजे बॉल घेण्याआधी मागे कोण आहे ते बघायची सवय लागते. पहिल्या दिवशी ती दहापैकी आठदा चुकली, रडकुंडीला आली. तो चिडला नाही, सोडूनही दिलं नाही. तासाभराने मुलांची बॅच आली, त्यांनाही तेच, आणि माझा चिरंजीवही तितक्याच वेळा चुकला! दोघांनाही आवाज तोच, शिस्त तीच.

तक्रारी आहेतच. हिवाळ्यात डोममधली, म्हणजे छताखालच्या मैदानातली वेळ रात्री साडेआठची मिळते, शाळेच्या दिवशी ते जड जातं. सेशन रद्द झाल्याचा मेसेज दोनदा आम्ही पार्किंगमध्ये पोचल्यावर आला. फी एकरकमी भरावी लागते. दोन मुलं असली तर हप्ते मागून घ्या, विचारल्यावर देतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. ट्रायलला न्याल तेव्हा आपल्या मुलाचं सेशन झालं की लगेच निघू नका, मुलींची बॅचही बघा. कोच त्या वेळी फोनमध्ये आहे की मैदानात, तेवढं बघितलंत तरी पुरे. आमचा मैदानात असतो. परवा मी पोळ्या लाटत होते, तर लेक मागे येऊन उभी, बोटं वर करून: "आई, न थांबता सांग, किती?"