गूगल स्कॉलर प्रोफाइल: बेळगावच्या जनुकशास्त्रज्ञाला कितपत पुरतं?

फुकट आहे, चटकन तयार होतं आणि एका पानावर सगळा कारभार दिसतो: पेपर, साइटेशन (इतर पेपरांनी घेतलेले उल्लेख), एच-इंडेक्स (४ म्हणजे किमान चार-चार साइटेशन्सचे चार पेपर), आय१० इंडेक्स (किमान दहा साइटेशन्सचे पेपर किती), वर्षवार आलेख. गूगल स्कॉलर हे संशोधन-पेपर शोधायचं साधन २००४ सालचं, त्यात संशोधकाच्या प्रोफाइलची सोय २०११ ची. आज पीएचडीसाठी गाइड शोधणारा विद्यार्थी बेळगावचा असो, धारवाडचा की कोल्हापूरचा, आधी तिथंच नाव टाकून बघतो. पेपर शोधायला याच्या तोडीचं फुकट साधन नाही. माणूस मोजायला मात्र ते आहे तसं वापरू नये, जनुकशास्त्रात तर नाहीच.

आपल्याकडचा पहिला घोळ नावाचा. पाटील, कुलकर्णी, देसाई ही आडनावं इथं मराठी घरांतही आहेत आणि कन्नड घरांतही, आणि पेपरवर छापून येतं नुसतं ‘एस. पाटील’. त्यात निपाणी-खानापूरकडचा माणूस पीएचडी शिवाजी विद्यापीठात करताना नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. नोकरी कर्नाटकात लागली की इनिशियल्स पुढं येतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे पेपर तर दोन गठ्ठ्यांत पडतात. प्रोफाइल काढताना ‘ॲड आर्टिकल ग्रुप्स’मध्ये स्कॉलर असे गठ्ठे पुढं करतं. ते एका दमात स्वीकारले की सोयाबीनच्या पैदासकाराच्या खात्यावर काँक्रीटचे पेपर जमा होतात, आणि एच-इंडेक्स फुगलेला दिसला की काढायची घाई कुणालाच नसते! ‘ॲड आर्टिकल्स’मध्ये जाऊन पेपरचं शीर्षक टाकून एकेक घेणं बरं. मग ‘कॉन्फिगर आर्टिकल अपडेट्स’मध्ये आपोआप भर घालण्याऐवजी ईमेलवर विचारण्याचा पर्याय निवडायचा. मूळचा पर्याय तसाच ठेवला तर साफ केलेलं खातं पुन्हा भरत राहतं.

खातं स्वतःच्या जीमेलवर उघडा आणि पडताळणीसाठी तेवढा संस्थेचा ईमेल द्या. संस्थेच्याच लॉगिनवर उघडलं तर नोकरी सुटताना प्रोफाइलही हातचं जातं. संस्थेचा ईमेल पडताळला नाही, तर प्रोफाइल शोधात येत नाही.

जनुकशास्त्रात बरेच पेपर आधी बायोआर्काइव्ह या छाननीपूर्वीच्या मसुद्यांच्या संकेतस्थळावर येतात आणि नंतर जर्नलमध्ये. शीर्षक मधल्या काळात बदललं की स्कॉलर त्यांना दोन वेगळे पेपर धरतं. दोन्हींपुढच्या चौकटीत खूण करून ‘मर्ज’ करा. त्यानंतर आकड्याशेजारी तारका (*) दिसली तर घाबरू नका: एकत्र केलेल्या नोंदींतली काही साइटेशन्स मूळ पेपरशी नेमकी जुळत नसावीत, एवढाच तिचा अर्थ.

आता आकड्यांकडं. समजा पाच पेपर आहेत आणि त्यांची साइटेशन्स ४०, १२, ६, ४, ३. एकूण ६५, एच-इंडेक्स ४, आय१० इंडेक्स २. या माणसाचं नाव दोनशे लेखकांच्या एखाद्या कन्सॉर्शियम (अनेक गटांनी मिळून केलेल्या) पेपरात आलं, नमुने पुरवल्याबद्दल, आणि त्या पेपराला १८०० साइटेशन्स मिळाली. एकूण आकडा १८६५ झाला, आय१० इंडेक्स ३, एच-इंडेक्स जिथल्या तिथं ४. म्हणजे एकूण साइटेशन हा इथं सगळ्यात फसवा आकडा. जीवशास्त्रात पहिला लेखक साधारणपणे काम करणारा आणि शेवटचा प्रयोगशाळेचा प्रमुख असतो. स्कॉलर हा फरक करत नाही. प्रोफाइलमधले वरचे दहा पेपर उघडून नाव कितव्या जागी आहे ते हातानं पाहावं लागतं. गाइड निवडणाऱ्यानं तर हे करावंच.

आणखी एक. साइटेशन नेमकं कशाला मिळालं हेही पाहायला हवं. ब्लास्ट या डीएनए-प्रथिनांचे अनुक्रम ताडणाऱ्या प्रोग्रॅमचा १९९० चा पेपर प्रचंड उद्धृत होतो, कारण अनुक्रम जुळवणारा जो तो त्याचं नाव घेतो. उलट धारवाड कृषी विद्यापीठाचं डीएसबी २१ हे तांबेऱ्याला दाद न देणारं सोयाबीन घ्या. बेळगाव जिल्ह्यातल्या उगार खुर्दसारख्या तांबेऱ्याच्या हमखास पट्ट्यात अशा वाणाची किंमत शेतकऱ्याला कळते, पण पेरलेल्या एकरांचं साइटेशन होत नाही. पैदासकाराचा एच-इंडेक्स बघताना प्रसारित वाणांची यादी शेजारी नसेल तर तुलनाच चुकते.

स्कॉलर प्रबंध, परिषदांची पत्रकं, कुठलीही जर्नल्स मोजतं, म्हणून आकडा स्कोपस या निवडक जर्नल्सच्या साइटेशन-सूचीपेक्षा बहुधा मोठा येतो. ते फसवताही येतं: २०१० मध्ये सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकानं आइक अँटकारे नावाचा अस्तित्वात नसलेला लेखक ९४ एच-इंडेक्सपर्यंत नेऊन दाखवला. स्कोपस जास्त काटेकोर, आणि लेखकाचं पान फुकट पाहता येतं. पण तिथं आपली अडचण वेगळी. १ नोव्हेंबर २०१४ ला इंग्रजीत ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ झालं, काही संस्थांची नावंही बदलली, आणि एकाच माणसाच्या दोन लेखक-ओळखी झालेल्या आढळतात. दुरुस्तीचा अर्ज स्कोपसवरच करता येतो, पैसे पडत नाहीत. त्याआधी ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ओळख) १६ अंकी क्रमांक घ्या आणि पुढच्या प्रत्येक पेपरात तोच द्या. मानवी जनुकशास्त्रवाल्यांनी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट हे साधन जरूर बघावं; तिथं पेपर त्याच्या क्षेत्राशी आणि वर्षाशी ताडून पाहतात, आणि १.० म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरांमधला मधला. मात्र ते पबमेड या वैद्यक-जीवशास्त्राच्या पेपरसूचीवर चालतं, त्यामुळं कृषीतले बरेच पेपर त्यात सापडत नाहीत.

गंमत म्हणजे हा सगळा हिशेब आपल्याच विषयापासून सुरू झाला. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये साइटेशन सूचीची कल्पना मांडली आणि चाचणीसाठी निवडलं ते जनुकशास्त्र; १९६३ मध्ये ‘जेनेटिक्स सायटेशन इंडेक्स’ छापून आला. एच-इंडेक्स त्यामानानं कालचा, २००५ चा, आणि तो काढला हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं.

शोधासाठी पाचपैकी साडेचार, मोजमापासाठी अडीच. बढतीच्या अर्जात आकडा द्यायचाच असेल तर स्कॉलर आणि स्कोपस वेगवेगळ्या ओळींत लिहा, पाहिल्याची तारीख टाका, आणि पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून किती पेपर आहेत ते तिसऱ्या ओळीत.