‘वुडन शिप्स अँड आयर्न मेन’ : जहाजाची ताकद मोजावी कशी?

अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने १९७० च्या दशकात बाजारात आणलेला ‘वुडन शिप्स अँड आयर्न मेन’ हा शिडांच्या युद्धनौकांचा पटावरचा खेळ आज बहुधा जुन्या प्रतींतच मिळतो. तरीही त्या काळाची आवड असणाऱ्याने तो शोधून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. षट्कोनी घरांचा पट, पुठ्ठ्याची जहाजे आणि प्रत्येक जहाजामागे एक नोंदपत्र, एवढाच त्याचा पसारा आहे. खरे मर्म त्या नोंदपत्रात आहे. जहाजाचा सांगाडा, दोन्ही बाजूंच्या तोफा, कॅरोनेड (आखूड तोफा), खलाशी आणि शिडे यांचे चौकोन तेथे वेगवेगळे आखलेले असतात आणि मार बसेल तसे ते पेन्सिलीने खोडत जायचे असतात. सगळी ताकद एकाच आकड्यात न कोंबता ती अशी वाटून दाखवणे, हेच या खेळाचे सर्वांत मोलाचे काम आहे.

कारण तोफांची नुसती संख्या फसवी असते. ब्रिटिश आणि फ्रेंच या दोन्ही आरमारांचा कणा ७४ तोफांचे जहाज हाच होता. नेपोलियनच्या काळातल्या नेहमीच्या फ्रेंच जहाजावर २८ छत्तीस-पौंडी (म्हणजे छत्तीस पौंडांचा गोळा फेकणाऱ्या), ३० अठरा-पौंडी आणि १६ आठ-पौंडी तोफा असत, तर त्याच्या ब्रिटिश जोडीदारावर २८ बत्तीस-पौंडी, २८ अठरा-पौंडी आणि १८ नऊ-पौंडी. एका बाजूच्या फैरीचे, म्हणजे त्या बाजूच्या सर्व तोफांतून एका वेळी सुटणाऱ्या गोळ्यांचे, वजन काढले, तर फ्रेंच जहाजाचे ८३८ आणि ब्रिटिश जहाजाचे ७८१ पौंड भरते; पण फ्रेंच पौंड साधारण ४९० ग्रॅमचा आणि इंग्रजी पौंड ४५४ ग्रॅमचा असल्यामुळे खरा हिशेब सुमारे ४१० किलो विरुद्ध ३५४ किलो असा होतो. म्हणजे दर फैरीमागे ५६ किलो लोखंडाचा फरक! खेळात मात्र एका चौकोनात अनेक तोफा धरलेल्या असल्याने एवढा फरक पुरता उमटत नाही. ही त्याची पहिली उणीव.

कॅरोनेडच्या बाबतीत त्याने अधिक न्याय केला आहे. या आखूड, हलक्या पण जवळून भयंकर मारा करणाऱ्या तोफा त्या काळी जहाजाच्या अधिकृत दर्जात सहसा मोजल्याच जात नसत. ‘कॉन्स्टिट्यूशन’ ही अमेरिकन फ्रिगेट (मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका) ४४ तोफांची म्हणवली जाई, परंतु १८१२ साली ब्रिटिश ‘गेरिएर’शी लढताना तिच्यावर ५० हून अधिक तोफा होत्या. कॅरोनेडचे चौकोन वेगळे ठेवल्यामुळे जवळच्या आणि लांबच्या लढाईतला फरक पटावर जाणवतो.

खलाशांची प्रत मात्र विचार करायला लावते. ती अव्वल ते निकृष्ट अशा पाच पायऱ्यांत दिलेली आहे, आणि इतिहासाला ते धरूनच आहे. १ जून १८१३ रोजी ब्रिटिश ‘शॅनन’ने अमेरिकन ‘चेसापीक’ला पाव तासाच्या आत जिंकले, दोन्ही फ्रिगेटींची तोफांची ताकद जवळपास सारखीच होती, पण कप्तान फिलिप ब्रोक १८०६ पासून ‘शॅनन’वर होता आणि तोफा डागण्याचा सराव त्याने कधी चुकू दिला नव्हता, तर जेम्स लॉरेन्स ‘चेसापीक’चा कप्तान नुकताच झाला होता. माझा आक्षेप वापराबद्दल आहे. स्वतःची लढाई मांडताना खेळाडू ब्रिटिशांना सरसकट वरची आणि स्पॅनिशांना सरसकट खालची पायरी देऊन मोकळे होतात. ट्रफाल्गरच्या १८०५ च्या लढाईतल्या स्पॅनिश जहाजांवर कसलेल्या खलाशांची टंचाई होती, ती नाकेबंदी, अपुरी भरती आणि दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातल्या पीतज्वराच्या साथीमुळे. स्पॅनिश माणूस कमी धीराचा होता म्हणून नव्हे. पायरी द्यायची ती ध्वजाला नव्हे, त्या जहाजाच्या त्या वर्षीच्या अवस्थेला.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. लाकडाच्या जातीला या हिशेबात वेगळी जागा नाही, पण ब्रिटिश आरमाराचे ‘मिंडेन’ हे १८१० साली पाण्यात उतरलेले ७४ तोफांचे जहाज आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी सागवानात बांधले होते, आणि सागवान ओकपेक्षा कितीतरी जास्त टिके.

माझ्याकडच्या नोंदपत्रांवर मी आता तोफांच्या चौकोनांशेजारी फैरीचे वजन किलोत लिहून ठेवतो आणि खलाशांची पायरी ठरवण्याआधी ते जहाज किती महिने समुद्रावर होते, एवढे पाहून घेतो.