सांगलीची नऊवारी, मेलबर्नचा मंच: कापडपेठेतील एका शिवणदुकानाविषयी

परदेशात वाढलेल्या मराठी मुलीला सौंदर्यस्पर्धेतील पारंपरिक वेशभूषेच्या फेरीसाठी नऊवारी हवी असेल, तर ती ऑनलाइन मागवावी की सांगलीत मापे पाठवून शिवून घ्यावी, या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंशय दुसरे आहे. मात्र दागिन्यांसाठी त्याच दुकानावर विसंबू नये, असेही मी लगेच सांगेन. माझी भाची मेलबर्नमध्ये जन्मली व तिथेच वाढली. भारतीय वंशाच्या मुलींसाठी तिकडे झालेल्या एका स्पर्धेत तिने भाग घेतला आणि तिचा सगळा पोशाख येथे, कापडपेठेतील एका आतल्या बोळात, माझ्या देखरेखीखाली तयार झाला. दुकानाच्या पाटीवर ‘नऊवारी शिवून व भाड्याने मिळेल’ ही ओळच सर्वांत ठळक आहे आणि गिऱ्हाईकही दुकानाला त्याच ओळीने ओळखते.

दुकान नवराबायको मिळून चालवतात. गिऱ्हाईक त्यांना काकू आणि मास्तर म्हणते. मास्तरांची उमेदवारी नाटकाच्या कपडेपटात झाली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला आणि बालगंधर्वांचे नागठाणे ज्याच्या जिल्ह्यात येते, त्या गावात हे नवलाचे नाही. परंतु त्याचा प्रत्यक्ष लाभ स्पर्धक मुलीला कसा होतो, हे शिलाई पाहिल्यावरच कळते. मापे घेताना मास्तरांनी कंबर, सीट आणि कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची विचारली, आणि त्यानंतरचा त्यांचा प्रश्न होता, “टाच किती इंची घालणार?” मंचावर उंच टाचेच्या चपलेवर चालायचे असेल तर काठ घोट्यावर कुठे यावा, हे अनवाणी घेतलेल्या मापावरून ठरत नाही, आणि लांब झालेला पायघोळ घेर वळताना हमखास पायात येतो. ऑनलाइन मागवण्यासाठी आम्ही जे तक्ते पाहिले होते, त्यांपैकी एकातही टाचेचा रकाना नव्हता.

काकूंनी प्रथम जे दाखवले त्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ‘परदेशातली स्पर्धा’ हे शब्द कानावर पडताच त्यांनी जांभळी पैठणी, शाही मस्तानी पद्धतीची शिलाई, मोठी नथ, चंद्रकोर आणि शेला असा तयार संच पुढे ठेवला. असा संच लग्नसराईत भाड्याने सतत जातो आणि दिसतोही देखणा; परंतु महाराष्ट्र म्हटले की पैठणी आणि नथ, एवढ्यावरच विषय संपवण्याची जी सवय सर्वत्र लागली आहे, तिला हे दुकानही अपवाद नाही. आमचे मूळ गाव जत तालुक्यात आहे. पैठणी पैठणची आणि येवल्याची. माझ्या आईने ती कधी नेसली नाही. ती जन्मभर इरकल नेसली, कारण जत, कवठेमहांकाळ या भागात बायकांचे रोजचे आणि सणाचे लुगडे तेच. इरकल विणले जाते ते इलकलला, म्हणजे आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात. राज्याची हद्द मध्ये आली तरी बाजार आणि सोयरिकी पूर्वीसारख्याच चालू राहिल्या. भाचीला आजीसारखेच लुगडे हवे होते, आणि आपण ज्या घरातून आलो ते घर परीक्षकांना दिसावे, केवळ ‘भारतीय मुलगी’ दिसू नये, हा तिचा आग्रह होता.

हे ऐकल्यावर काकूंचा नूर बदलला. संच बाजूला सरला आणि आतल्या कपाटातून गड्डे निघाले. सुती अंगाचे, रेशमी काठांचे, गर्द हिरव्या रंगाचे एक इरकल त्यांनी उलगडले आणि पदराच्या जोडावर बोट ठेवून व्हिडिओ कॉलवर भाचीला सांगू लागल्या: अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा असतो, दोन्हींचे धागे एकमेकांत फासासारखे अडकवून पुढचे विणकाम होते, त्याला कोंडी म्हणतात, लाल पदरावर पांढरी नक्षी उठते ती टोपतेनी. भाचीने उत्साहाने विचारले, की मी दोन देशांची आहे आणि हा जोडही दोन भागांचा आहे, असे मी मंचावर म्हणू का? काकू म्हणाल्या, “असलं सगळ्याच म्हणतात बाई. जोड कसा घालतात ते सांग, ते कुणाला माहीत नसतं.” कपडे विकणाऱ्या दुकानात मिळालेला याहून उपयुक्त सल्ला मला आठवत नाही.

अशा स्पर्धांमध्ये पोशाखाइतकेच त्याविषयीचे बोलणे महत्त्वाचे ठरते, म्हणून हे विस्ताराने लिहिते आहे. मिस युनिव्हर्समध्ये राष्ट्रीय वेशभूषेचा वेगळा भाग असतो आणि अनिवासी भारतीय मुलींसाठी १९९० पासून चालत आलेल्या मिस इंडिया वर्ल्डवाइडसारख्या स्पर्धेत भारतीय पोशाख, कलागुण आणि प्रश्नोत्तरे अशा फेऱ्या असतात. प्रश्नोत्तरांचे वजन किती असते हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको: १९९२ साली बँकॉकला झालेल्या मिस युनिव्हर्समध्ये भारताच्या मधू सप्रे तिसऱ्या आल्या, तेव्हा देशाची सूत्रे हाती आली तर क्रीडांगण बांधीन, या उत्तरामुळे मुकुट हुकला, असे आजही बोलले जाते. (खेळाडू मुलीने क्रीडांगण मागितले यात वावगे काय, हे मला अद्याप उमगलेले नाही. त्या पुढे इटलीत स्थायिक झाल्या.) परदेशात जन्मलेल्या मुलीची अडचण आणखी वेगळी असते. तिला इथल्या संस्कृतीबद्दल विचारले जाते तेव्हा तिच्याकडून पाठ केलेले निबंध अपेक्षित असतात, आणि पाठ केलेले बोलणे परीक्षकांनाही कळते. अंगावरच्या वस्त्राची घडण ठाऊक असली की निबंधाची गरज उरत नाही.

आता शिलाईविषयी. शिवलेली नऊवारी म्हणजे लुगडे कापणे, आणि जुन्या बायकांना ते रुचत नाही. माझ्या आईने तर दुकानाची पायरीही चढू दिली नसती. तरीही दोन फेऱ्यांमध्ये कपडे बदलायला जेमतेम काही मिनिटे मिळत असताना नेसती नऊवारी व्यवहारात बसत नाही, हे मान्य करावे लागते. मास्तरांचे कौशल्य असे, की पुढचा ओचा आणि मागचा कासोटा शिवलेला आहे हे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. कासोट्याचा काठ मणक्याच्या रेषेत सरळ उतरतो. पदर खांद्यावर दोन टिचबटणांनी बसतो, त्यामुळे पिन टोचण्याचा किंवा कापड फाटण्याचा प्रश्न येत नाही. कंबरपट्टीला आकडे आणि नाडी दोन्ही आहेत. भाची कलागुणांच्या फेरीत लेझीम करणार असल्याचे कळताच मास्तरांनी कंबरेच्या आत, डाव्या कुशीला, माइकची पेटी राहील एवढा चोरखिसा शिवला. तो आम्ही मागितला नव्हता. नटांचे कपडे शिवलेल्या माणसालाच ते सुचणार.

खणाची चोळी मात्र खांद्यात सैल झाली. व्हिडिओवरून घेतलेल्या मापात एवढी चूक होऊ शकते हे मान्य केले तरी, तेवढ्याच अंगाच्या एखाद्या मुलीला घालून पाहण्याची सोय दुकानाने ठेवायला हवी होती. सुदैवाने शिवणीत माया भरपूर सोडलेली असल्याने मेलबर्नला ती उसवून पुन्हा बसवता आली. पण तिकडे त्या एका दुरुस्तीची मजुरी इथल्या संपूर्ण चोळीच्या शिलाईहून जास्त पडली.

दागिन्यांबाबत मी स्पष्टच लिहिते. दुकानातील ठुशी, वज्रटीक आणि कोल्हापुरी साज भाड्याने एका संध्याकाळपुरते ठीक आहेत. त्यांचा पिवळेपणा मंचावरील प्रखर दिव्यांत डोळ्यांत खुपतो. ‘मराठी संच’ म्हणून दाखवलेल्या एका हारात तर लक्ष्मीच्या मूर्तीची दाक्षिणात्य घडण उघड दिसत होती. नथीची दाबपट्टी एवढी घट्ट होती, की ती लावून हसणे कठीण होते, आणि सौंदर्यस्पर्धेत हसणे टाळता येत नाही. आम्ही शेवटी सराफाकडून चांदीवर सोन्याचे पाणी दिलेली ठुशी आणि बोरमाळ घेतली. जतकडच्या बायकांच्या अंगावर तेवढेच शोभते, शिवाय कमी दागिन्यांत लाल पदर उठून दिसला.

ताज्या मोगऱ्याचा गजरा ऑस्ट्रेलियात नेण्याचे मनात आणू नये. फुले, बिया, लाकडी वस्तू यांबाबत तिकडचे जैवसुरक्षेचे नियम अतिशय कडक आहेत. लेझमीची लाकडी मूठसुद्धा विमानतळावर जाहीर करून दाखवावी लागते. काकूंना हे आधीच्या गिऱ्हाइकांमुळे ठाऊक होते आणि त्यांनी स्वतःहून कापडी गजरा दिला. अंबाड्यावर माळलेला तो गजरा दुरून खराच वाटतो.

शिलाईचे अस्तरासह १,८०० रुपये पडले; लुगडे आणि खण वेगळे. कामाच्या मानाने हा दर मला रास्त वाटतो. वेळेच्या बाबतीत दुकान बेभरवशाचे आहे: लग्नसराईत दिलेली तारीख टळली, संदेशांना उत्तर दुपारनंतर येते, आणि पावती वहीच्या कागदावर हाताने लिहून मिळते, ती जपून ठेवावी. परदेशातील गिऱ्हाइकाने कार्तिकातली लग्ने सुरू होण्यापूर्वी काम द्यावे, उरलेली रक्कम पोशाखाचे आतून-बाहेरून फोटो पाहिल्यावरच चुकती करावी, आणि टाचेची उंची पहिल्याच संदेशात कळवावी.