नदीच्या पाण्यासाठी पीएच पेन घ्यावा की थेंबांचा संच?

मुलांकडून नदीचं पाणी तपासून घ्यायचं ठरलं की पहिली अडचण हीच येते. पीएच म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा, सात म्हणजे मधोमध. भडगाव तालुक्यातल्या आमच्या गिरणाकाठच्या शाळेत दोन्ही वापरून झाले, म्हणून लिहितो.

पेन मुलांना लगेच आवडतो. पाण्यात बुडवला की आकडा, तोही दशांशात. संचात पाण्यात थेंब टाकून आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा असतो आणि साडेसात की आठ, यावर दोन मुलांचं एकमत होत नाही. पुराच्या गढूळ पाण्यात तर रंग दिसतच नाही, आधी गाळणकागदातून गाळावं लागतं. इथपर्यंत पेन सरस.

माझं मन फिरलं ते उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे. पेनच्या टोकाची काचेची घुंडी कायम ओली लागते, तीही पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवली तर उलट खराब होते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पात्रच कोरडं, त्यामुळे पेन कपाटात पडून. बाहेर ४५ अंश, खोली बंद. टोपणातलं द्रावण आटून गेलं. पहिला पूर आला तेव्हा आम्ही उत्साहानं काठावर गेलो. पेननं दाखवले सात. विहिरीच्या पाण्यातही सात. एका मुलीनं डब्यातलं लिंबू पिळून पाहिलं आणि म्हणाली, "सर, लिंबूना पानीमा बी सातच दखाडस!" घुंडी दोन दिवस भिजवली, बफरनं, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणानं, जुळवली, जराशी सुधारली, तोवर पूर ओसरला होता. कपाशी-केळीच्या शेतातलं खत आणि गावाची घाण घेऊन येणारं वर्षातलं ते पहिलं पाणी. त्याचीच नोंद हुकली, याची मला अजून हळहळ वाटते.

थेंबांची बाटली त्याच कपाटात होती, तिला काही झालं नाही. मुदत तेवढी बघावी. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ६.५ ते ८.५ आहे, नदी कुठल्या बाजूला सरकतेय हे कळायला अर्ध्या अंकाचा फरक शाळेला चालतो, असं मला तरी वाटतं. विरघळलेला ऑक्सिजनही आम्ही थेंबांनीच मोजतो. निळा रंग एका थेंबात उडतो तेव्हा वर्ग श्वास रोखून बघत असतो. त्यातलं आम्ल मात्र शिक्षकानंच हाताळावं.

टीडीएसचा, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा, पेन जरूर घ्या, त्याला कोरडं राहिलेलं चालतं. पाऊस मोजायचं गणित वेगळं आहे: साध्या पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यावी लागते आणि रविवारी शाळेत कुणी नसतं. तिथं स्वयंचलित यंत्र बरं, फक्त त्याच्या नरसाळ्यात धूळ साचू देऊ नका.

शाळा बारमाही पाण्याकाठी असेल आणि सुट्टीतही घुंडी ओली ठेवणारं कुणी असेल, तर पीएच पेनही वाईट नाही. नसेल तर संच मेअखेरीसच मागवून ठेवा, पहिल्या पुराच्या सकाळी बाटली हाताशी हवी.