माउंट गे एक्सओ : दिवाळी ते गटारी, एकच बाटली

श्रावण चालू आहे, बाटलीला हात लावायचा नाही, म्हणून निदान लिहून तरी घेतो. दिवाळीत चुलतभाऊ दुबईहून सांगलीला आला तेव्हा ड्यूटी फ्रीमधून माउंट गे एक्सओ ही कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरची रम घेऊन आला, ७०० मिली, आणि मी ती गटारीपर्यंत पुरवली. नऊ महिने. एका बैठकीतला रिव्ह्यू नाही हा.

पहिल्या दिवशी अजिबात आवडली नव्हती. आपली रम म्हणजे ओल्ड मंक, कॉलेजपासूनची, नाकाला व्हॅनिला, जिभेला गोड आणि वरून कोला. ही तोंडात घेतली तर गोडवा कुठंच नाही, लाकूड चघळल्यासारखं काहीतरी, आणि शेवटी जीभ अशी आवळून आली की वाटलं भाऊ फसला. दुसरा पेग कोला घालून संपवला. ते करू नका, कोल्यात ते सगळं लाकूड औषधासारखं कडू लागतं.

या रमला सगळे ‘ड्राय’ म्हणतात, मला तो शब्द कळायला दोन महिने गेले, कारण ओल्या वस्तूला कोरडी कसं म्हणायचं. मग जानेवारीत कधीतरी जेवणानंतर सुपारी चघळताना ट्यूब पेटली, अरे हे तर तुरट! हिरडा, आवळा, सुपारी, त्याच घरातली चव. आपल्याकडं त्याला सरळ शब्द आहे आणि आपण ड्राय ड्राय करत बसतो. गंमत म्हणजे नाकाला ही चांगली गोड लागते, पिकलेलं केळं, जळकी साखर, तासगावचं बेदाण्याचं पोतं नुकतं उसवल्यावर येतो तसा वास, आणि घोट घेतला की जीभ म्हणते कसलं गोड, इथं काही नाही. हे फसवणं एकदा आवडायला लागलं की गोड रम जरा सरबतासारखी वाटते (ओल्ड मंकवाल्यांनी चिडू नये, मीही त्यातलाच).

माझा एक मित्र कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे, त्याच्याकडून समजलं ते असं की मोलॅसिस म्हणजे उसाची मळी आंबवून वाफ काढली की साखर मागंच राहते, वाफेबरोबर येत नाही, त्यामुळं कुठलीही रम भट्टीतून निघते तेव्हा गोड नसतेच आणि पाण्यासारखी पांढरी असते. गोडवा असेल तर तो नंतर घातलेला. रंग आणि तुरटपणा पिंपाचा. अमेरिकेत बर्बनसाठी, म्हणजे तिकडच्या मक्याच्या व्हिस्कीसाठी, आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप लागतं असा कायदाच आहे, मग वापरलेली पिंपं निघतात ती रमवाल्यांकडं जातात. एक्सओसाठी अमेरिकन व्हिस्की, बर्बन आणि कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) अशी तीन तऱ्हेची पिंपं वापरतात, आत ५ ते १७ वर्षं मुरलेल्या रम मिसळलेल्या आहेत, अल्कोहोल ४३ टक्के. आणि बार्बाडोसचा उकाडा, स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के दारू हवेत उडून जाते, तिकडं त्याच्या कितीतरी पट, त्यामुळं लाकूड लवकर उतरतं. या डिस्टिलरीचं १७०३ सालचं कागदपत्र आहे म्हणे, म्हणजे साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ ला झाला त्याच्याही आधीचं. हे साताऱ्याच्या मेव्हण्याला सांगितलं तर तो म्हणाला मग भाव बरोबर आहे.

बाटलीतली खरी मजा मला रिकाम्या ग्लासात सापडली. रात्री तळाशी थेंबभर ठेवून ग्लास तसाच ठेवायचा, सकाळी वास घ्यायचा. गोड रमचा ग्लास सकाळी बोटाला चिकटतो, हा नाही चिकटत, नुसता लाकडाचा वास राहतो. मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत कधी गेला असाल तर तिथं तुणीच्या लाकडाचा भुसा पडलेला असतो, तो वास, पॉलिश मारायच्या आधीचा. बायकोला हुंगायला दिला तर म्हणाली आईच्या ट्रंकेतल्या शालीसारखा येतोय, आणि ग्लास बेसिनमध्ये टाकला.

प्यायची कशी म्हणाल तर ३० मिली, तोंडाला निमुळता ग्लास, पंधरावीस मिनिटं तशीच ठेवायची आणि चमचाभरापेक्षा कमी पाणी. बर्फ घातला की वास मिटतो आणि नुसता तुरटपणा उरतो. थंडीत अडचण नव्हती, पण एप्रिल-मे मधे आमच्या घरात बाटलीच गरम लागायची, ग्लास नाकाशी नेला की आधी स्पिरिटचा ठसका, म्हणून ग्लास पाच मिनिटं माठाला टेकवून ठेवायला लागलो, तेवढा गारवा पुरतो, फ्रीज नको.

सोबत भडंग खाऊ नका. सांगलीत राहून हे लिहिताना हात थरथरतोय, पण लसूण-मिरचीनंतर या रमचं काही कळत नाही. मेव्हण्यानं आणलेले कंदी पेढे मात्र जमून गेले, खव्याचा भाजका वास आणि लाकूड एकमेकांना ओळखतात, पेढ्याच्या साखरेनं तुरटपणाही सुसह्य होतो. अर्धा पेढा, एक घोट. दारूबरोबर पेढा बघून मित्र हसले आणि मग सगळा पुडा त्यांनीच संपवला.

चूक एक झाली, माझीच. बाटली अर्ध्याच्या खाली गेली तरी त्याच बाटलीत ठेवली, वर फ्रीजच्या डोक्यावर, अख्खा मे महिना. आत हवा जास्त, खालून गरमी, जूनमध्ये उघडली तर केळ्याचा वास जवळपास गेलेला, लाकूड तेवढं शिल्लक. नऊ महिने पुरवणारे असाल तर अर्धी झाल्यावर छोट्या बाटलीत गच्च भरून अंधारात ठेवा.

गटारीनंतर ६० मिली उरलीय, धुतलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून लेबल लावून ठेवलीय. भाऊ गणपतीला येतोय, विसर्जन झाल्यावर त्याला द्यावी, की बाटली कधीच संपली म्हणून सांगून नवी मागवावी, यावर विचार चालू आहे.