मखमल, चिकट रोलर की ओला पॅड? प्रोजेक्टरच्या बूथमध्ये फिल्म कशानं पुसावी

महिन्याला एक-दोनच खेळ लागत असतील तर मखमलीवर भागतं. दर आठवड्याला खेळ असेल तर चिकट रोलर घ्या. ओल्या पॅडचं यंत्र प्रिंटवर (चित्रपटाच्या फिल्मप्रतीवर) तेलकट, काळपट थर बसला असेल तरच.

पण आधी प्रोजेक्टरचं गेट बघा, म्हणजे दिव्यासमोर फिल्म जिथून सरकते ती चौकट. गेटमध्ये इमल्शनचा (फिल्मवरच्या चित्राच्या थराचा) कण कडक होऊन बसला की तो आख्ख्या रिळावर उभी रेघ मारतो, मग फिल्म कितीही पुसा. पडद्यावर रेघ काळी दिसली तर ओरखडा बहुधा बेसच्या, म्हणजे थराखालच्या पारदर्शक पट्टीच्या, बाजूला असतो. रंगीत प्रिंटवर ती हिरवी किंवा पिवळी दिसली तर इमल्शनच खरवडलं गेलंय. ते पुसून भरून येत नाही. प्रत्येक रिळानंतर गेट ब्रशनं झाडा. कण निघत नसेल तर लाकडी किंवा पितळी पट्टी वापरा, स्क्रू-ड्रायव्हर नको.

मखमल सुतीच हवी. पुण्यात लक्ष्मी रोडवर मिळून जाईल, पण पॉलिएस्टरची गळ्यात मारून घेऊ नका: घासली की स्थिर वीज तयार होते आणि पुसलेली धूळ फिल्मवर परत येऊन बसते. रिवाइंडरवर (फिल्म परत गुंडाळायच्या यंत्रावर) फिल्म सावकाश फिरवत कापडाची घडी दोन्ही बाजूंनी अलगद धरायची आणि दर शंभर फुटांवर नवी घडी पुढे घ्यायची. इथेच आळस होतो. घडीत अडकलेला वाळूचा एक कण पुढची हजार फूट फिल्म ओरबाडत नेतो. ३५ मिमी फिल्मचं २००० फुटांचं रीळ पडद्यावर २२ मिनिटं चालतं. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला सात रिळं. संध्याकाळ गेलीच म्हणायची.

चिकट रोलर पॉलियुरेथेनचे असतात. ते फिल्मच्या वाटेवर, प्रोजेक्टरच्या आधी, दोन्ही बाजूंना बसतात आणि खेळ चालू असतानाच धूळ उचलतात. वेगळा वेळ जात नाही, हा त्यांचा खरा फायदा. सुकी धूळ छान निघते, तेल मात्र निघत नाही. बोट लावायचं नाही, कारण बोटाच्या तेलानं तेवढ्या जागेचा चिकटपणा जातो. कोऱ्या रोलरची पकड इतकी जबर असते की फिल्मचे तुकडे चिकटवलेला सैल जोड उचकटतो आणि ताण सुटला तर फिल्म रोलरलाच गुंडाळली जाते. जुने टेपचे जोड आधी तपासून नवे करा. फिल्म रोलरमध्ये अडकवून रात्रभर कधीच ठेवू नका. चिकटून डाग पडतो. आंबलेल्या व्हिनेगरसारखा वास येणारी, आकसलेली प्रिंट तर यातून घालूच नका.

ओल्या पॅडचं यंत्र सफाईच्या द्रवात भिजलेलं कापड हळूहळू पुढे सरकवतं, म्हणून फिल्मला सतत स्वच्छ भाग मिळतो. चूक नेहमी एकच: द्रव जास्त. मग पडद्यावर ढगाळ चट्टे सरकताना दिसतात. कापड ओलसर हवं, ठिबकतं नको. आदल्या रात्री भिजवून ठेवलं तर द्रव सारखा पसरतो.

जोडाजवळचा चिकटा हातानं काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचंच घ्या. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात बाकी पाणी असतं, त्यानं इमल्शन फुगून मऊ पडतं. अ‍ॅसिटोन अ‍ॅसिटेट बेसच विरघळवतं. अल्कोहोलची वाफ साध्या खोलीच्या तापमानातही पेट घेते, तेव्हा बाटली लॅम्पहाऊसपासून (प्रोजेक्टरच्या दिव्याच्या पेटीपासून) लांब आणि खिडकी उघडी. कुणी जुनी सीटीसीची बाटली काढून दिली तर नम्रपणे परत करा: कार्बन टेट्राक्लोराइड यकृताला घातक आहे.

पुण्याच्या पावसाळ्यात मखमल दमट राहते, मग ती धूळ उचलण्याऐवजी लिंपते. जून ते सप्टेंबर कापड डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. प्रिंटवर बुरशी दिसली तर ओलं काहीच लावू नका. बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात सुटतं.

रोलर घ्यायचं ठरलं, तर दोन संच घ्या. वापरलेला संच कोमट पाणी आणि सौम्य साबणानं धुवायचा, धागे न सोडणाऱ्या कापडानं टिपायचा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायचा. तोवर दुसरा चालतो. प्रत्येक खेळानंतर हे करावं लागतं. म्हणून किंमत विचारण्याआधी बूथमध्ये नळ आहे का ते बघा. दोन मजले उतरून मोरी गाठावी लागत असेल तर आठवड्याभरात धुणं बंद पडेल, आणि न धुतलेला रोलर उचललेली धूळ पुढच्या प्रिंटवर छापत बसेल. तिथे मखमलच बरी.